भीमेचे चार सेकंद

परत सुरू झालंय. काल लॅबमधून घरी येताना एका ट्रॅक्टरच्या मागे अडकले. दोन ट्रॉल्या, दोन्ही उसाने अशा फुगलेल्या की रस्त्याची दोन्ही टोकं गायब. मागे लाल साडीची चिंधी बांधलेली, आणि पुढे ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या स्पीकरमधून एवढ्या जोरात गाणं की माझ्या स्कूटीचा आरसा थरथरत होता. ओव्हरटेक करता आलं असतं. जागा होती. नाही केलं. गेले त्याच्याच मागून, पंधराच्या स्पीडने, पार नाक्यापर्यंत. खरं सांगू का, ओव्हरटेक करायचाच कंटाळा आला होता. दिवसभर लोकांचे रक्ताचे रिपोर्ट टाईप करते मी. माझा स्पीड सगळ्यांपेक्षा जास्त आहे म्हणून सगळ्यांचं काम माझ्याकडेच येतं. संध्याकाळी बोटं अशी होतात की चहाचा कप धरला तरी कुठलं तरी बटण दाबतोय असं वाटतं.

तर गळीत हंगाम. कारखान्यात मोळी पडली की आमच्या सोलापुरात भवानी पेठेपर्यंत कळतं. वारा फिरला की मळीचा तो वास येतो, गोड आणि आंबूस आणि जरा जळका. रस्त्यावर उसाची चिपाडं पडतात, गायी ती खात रस्त्याच्या मधोमध उभ्या राहतात. बाकीच्यांना थंडी आली की हिवाळा वाटतो. मला हा वास आला की डाव्या बाजूला कुणीतरी बसलंय असं वाटतं. मांडीवर नकाशा, हातात स्टॉपवॉच, तोंडात सुपारी.

तीन हंगामांपूर्वीची गोष्ट आहे ही. गोष्ट म्हणजे गोष्ट नाहीच, रोज विमानाने केलेला तोच तोच सात मिनिटांचा रस्ता आहे. पण आधी मला जेटबद्दल सांगू द्या, नाहीतर मी तडतडत राहीन.

मी फ्लाइट सिम्युलेटर उडवते. कॉम्प्युटरवर. गेम म्हटलं की मला राग येतो, म्हणजे गेमच आहे, पण ते जाऊ दे. सगळी मुलं त्यात मोठमोठी प्रवासी विमानं उडवतात, बटण दाबतात आणि मॅगी करायला जातात. मला आवडतं ते एक जुनं लढाऊ जेट. आजोबांच्या काळातलं. दोन सीटचं, पुढे पायलट आणि मागे वाट सांगणारा, नेव्हिगेटर. त्यात जीपीएस नाही. हलणारा नकाशा नाही. एक होकायंत्र, वेगाचा काटा, उंचीचा काटा, आणि पुढचं तुमचं तुम्ही. ते विमान शत्रूच्या रडारला दिसू नये म्हणून अगदी खालून जायचं, जमिनीपासून अडीचशे फुटांवर. मिनिटाला तेरा किलोमीटर. एवढ्या खालून गेलं की जमीन नकाशासारखी दिसतच नाही. सगळं कडेने दिसतं. झाड, झाडामागे छप्पर, आणि ते छप्पर कुणाचं असं म्हणेपर्यंत ते गेलेलं असतं.

म्हणून त्या काळच्या लोकांची एक पद्धत होती. आधी घड्याळ, मग नकाशा, मग जमीन. हाच क्रम. घड्याळ बघायचं, तीन मिनिटं झाली. नकाशावर तीन मिनिटांच्या खुणेवर बोट ठेवायचं, तिथे रेल्वे आहे. आणि मगच बाहेर बघायचं, रेल्वे कुठे आहे ते. उलटं केलं, म्हणजे आधी बाहेर बघून नकाशात शोधायला लागलं, की संपलं. जमीन सगळीकडे सारखीच असते आणि आपल्याला जे हवं ते आपण त्यात बघतो.

हे मी मामाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आमचं उलटं हाय. आधी जमीन. घड्याळ पोरास्नी शाळेत घालायला."

मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. श्रीपूरला वस्तीवर राहतो. उसाची वाहतूक करायचा, स्वतःचा लाल ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या. त्या वर्षी हंगाम सुरू होऊन आठ दिवस झाले नव्हते, वजनाच्या रांगेत ट्रॉलीची पिन काढताना भरलेली ट्रॉली सरकली आणि डावा पाय मध्ये आला. गुडघ्याखाली चुरा. सोलापूरला ऑपरेशन झालं, आत रॉड घातला, आणि मग रोजचा व्यायाम करायला दवाखान्यात यायचं तर श्रीपूरहून कसं येणार, म्हणून मामा आमच्याकडे. माझ्या खोलीत. माझ्या कॉम्प्युटरच्या शेजारी खाट.

पाय वाचला होता. प्रश्न एवढाच होता की डावा पाय क्लच दाबणार का. मामा डॉक्टरांना दुसरं काही विचारायचाच नाही. दुखेल का, चालता येईल का, जिना चढता येईल का, काही नाही. "सायेब, किलच दाबंल का ते सांगा." डॉक्टर म्हणायचे, गुडघा किती वाकतो, किती जोर लागतो, बघू. उन्हाळ्यापर्यंत बघू. घरी काहीतरी दाबत राहा पायाने.

आता माझ्याकडे दाबायला होतंच ना! विमानाला पायात दोन पेडल असतात, शेपटी डावी-उजवी करायला. विकत घ्यायची म्हणजे परवडत नाहीत, म्हणून मी घरीच केली होती. दोन फळ्या, बिजागऱ्या, जुन्या रिमोटमधले पार्ट, आणि शेजारच्या यंत्रमागाच्या शेडमधून आणलेल्या स्प्रिंगा. माग चालवणाऱ्या काकांनी वेगवेगळ्या ताकदीच्या चार दिल्या होत्या, वर तेलुगूत काहीतरी म्हणाले होते, त्याचा अर्थ पोरगी वेडी आहे असाच असणार. मी ती पेडल मामाच्या खाटेपुढे सरकवली. विमान वळवायची कांडी, म्हणजे जॉयस्टिक, माझ्या हातात, पाय मामाचे. सगळ्यात मऊ स्प्रिंग लावली. कॉम्प्युटरवर एक हिरवी पट्टी दिसते, पेडल किती दाबलंय त्याची. पहिल्या दिवशी मामाने दात खाऊन दाबलं आणि पट्टी वीसवर थांबली.

"शंबर म्हंजे किलच?" मामाने विचारलं.

"सगळ्यात कडक स्प्रिंग लावून शंभर आलं की क्लच," मी म्हटलं. हे मीच ठरवलं होतं. पण मामाला ते पटलं, आणि त्या दिवसापासून हंगाम म्हणजे ती पट्टी.

नुसतं पेडल दाबून माणूस कंटाळतो. म्हणून उडायचो. रोज दुपारी चारला, दवाखान्यातून आल्यावर. कुठे जायचं ते मामाने ठरवलं. "वस्तीवर जाऊ." सिम्युलेटरमधली जमीन उपग्रहाच्या फोटोंची असते. मामाच्या मुलीने, सोनीने, आधी एकदा फोनवर त्याला वस्ती दाखवली होती. घराचा पत्रा, दोन कडुनिंब, आणि अंगणात लाल ठिपका. ट्रॅक्टर. फोटो निघाला तेव्हा तो नेमका अंगणात उभा होता. मामाने फोन लगेच परत दिला होता. "आसं बसल्या जागी बघितल्यावर मेलेल्या माणसाचा फोटू बघितल्यावानी वाटतंय. जाऊन बघायचं."

तर जायचं. सिद्धेश्वर तलावावरून घड्याळ सुरू. दीड मिनिटाने सीना नदी. अडीचला मोहोळ. मग नुसतं सपाट, सपाट, सपाट, मग उजनीचा कालवा, आणि सहा मिनिटांच्या आसपास भीमा. भीमेवर घड्याळ शून्य करून नव्याने लावायचं, कारण तोपर्यंत वाऱ्याने थोडं इकडेतिकडे झालेलं असतं. भीमेपासून वस्ती पंचेचाळीस सेकंद, हे मी एका कार्डावर लिहून ठेवलं होतं. पंचेचाळीस झाले की मागचा म्हणणार "आता", पुढचा डावीकडे विमान आडवं करणार, आणि डाव्या पंखाखाली वस्ती. नेव्हिगेटर मामा. स्टॉपवॉच माझंच होतं, शाळेत खो-खोच्या वेळी सरांनी दिलेलं आणि परत करायचं राहून गेलेलं.

पहिल्या दिवशी भीमेच्या पलीकडे मामा ओरडला, "थांब थांब, हे कुणाचं घर?" स्क्रीनवर नदीकाठी लाल कौलांची, उतरत्या छपराची, बाल्कनीत फुलं ठेवलेली घरं. कॉम्प्युटरला आपल्याकडची घरं माहीत नाहीत, तो आपला युरोपातली लावून मोकळा होतो. "आपल्यात न्हाय गं असलं कुणाचं! सरपंचाचं बी न्हाय!" तोवर पंचेचाळीस होऊन गेले होते.

मामाने विमानाला नाव दिलं होतं. खिल्लार, पांढऱ्या चपळ बैलांची जात. "बग की, कसं निमुळतं हाय, पांढरं, आन् थांबाय तयार न्हाय."

एक अडचण होती लाईटची. लाईट गेली की शेजारचे माग एकदम गप्प व्हायचे, ती शांतता कानात टोचायची, आणि आमचा यूपीएस टीं टीं करायला लागायचा. यूपीएस पाच मिनिटं धरतो. म्हणजे मोहोळच्या अलीकडे असलो तर उपयोग नाही, पलीकडे असलो तर श्रीपूर गाठता येतं. मामाला याची एवढी सवय झाली की माग थांबले की तो न बघता विचारायचा, "मव्हळ गेलं का?"

आणि रोज आम्ही चुकायचो.

रोज! पंचेचाळीस झाले, मामा "आता" म्हणाला, मी डावीकडे वळवलं, मामाने डावं पेडल दाबलं, पंखाखाली वीटभट्टी. वस्तीच्या पुढची. पुढच्या दिवशी परत वीटभट्टी. तिसऱ्या दिवशी मी वारा तपासला. चौथ्या दिवशी होकायंत्र. जुन्या होकायंत्राचा काटा वळताना मागे राहतो, म्हणून वळायचंच कमी केलं. वीटभट्टी. वेगाचा काटा खोटं बोलतोय का ते बघितलं. रात्री झोपताना डोक्यात आकडे. परीक्षा तोंडावर होती, पुस्तक उघडायचे आणि समासात पंचेचाळीस लिहायचे.

"आली आपली वीटभट्टी," मामा म्हणायचा. पहिल्यांदा हसून, मग नुसतंच. सात मिनिटं तसं बघितलं तर काय, पण अडीचशे फुटांवर सात मिनिटं डोळा हलवता येत नाही. उतरल्यावर आम्ही दोघं असे बसायचो, जसं काही खरंच शेत नांगरून आलोय. आई चहा आणायची. ती त्या दिवसांत सकाळी शिवणाला बसायची, मध्ये मामाला घेऊन दवाखान्यात, परत शिवण. तिच्या चेहऱ्यावर पण तेच असायचं. तोवर आमच्या घरात कुणी रडलं नाही, ओरडलं नाही. सगळे फक्त दमलेले होते.

"वर जाऊन बघा की मग," आई म्हणायची. "विमान आहे ना? एवढं खालून कशाला मरायचंय?"

"सुमन, तू गप. वरनं समद्यास्नीच दिसतंय," मामा म्हणायचा.

पंधरा दिवस झाले असतील. एकदा आई चहा घेऊन नेमकी भीमेच्या आधी आत आली, आणि कप ठेवायला जागा करून द्यावी म्हणून मी क्षणभर मान वळवली. आणि दिसलं.

स्क्रीनवर भीमा आली. मामाने स्टॉपवॉच मांडीवर ठेवलं. दोन्ही हात जोडले. डोळे मिटले. ओठ हलले. हात कपाळाला लावले. मग मांडीवर चाचपून स्टॉपवॉच उचललं आणि बटण दाबलं.

मी स्क्रीनकडे बघितलं तर विमान पलीकडच्या काठाच्या कितीतरी पुढे.

आमच्याकडे सगळेच करतात हे. एसटी पुलावर आली की अर्धी एसटी हात जोडते. मी पण करते, कॉलेजच्या सहलीत मैत्रिणी हसल्या होत्या. सीनेवरही मामा हात जोडत असणार, पण तिथे घड्याळ नव्याने लावायचं नव्हतं म्हणून ते कधी अंगावर आलं नाही. आयुष्यभर भरलेला ट्रॅक्टर घेऊन तासाला पंधराच्या स्पीडने नदी ओलांडलेला माणूस. त्याला पुलावर नमस्कार करायला भरपूर वेळ असायचा. इथे मिनिटाला तेरा किलोमीटर. दुसऱ्या दिवशी मी चोरून मोजलं. चार सेकंद. तिसऱ्या दिवशीही चार. आणि चार सेकंद म्हणजे पाऊण किलोमीटरच्या वर. म्हणजे बरोब्बर वीटभट्टी!

मी एवढी आनंदले की सांगणारच होते. तोंड उघडलं पण होतं. पण मग काय म्हणणार, नदीला हात जोडू नका? माझ्या खोलीत, कॉम्प्युटरच्या खोट्या भीमेला मामा खरा नमस्कार करत होता आणि त्याला ते कळलंही नव्हतं. मी कार्डावरचं पंचेचाळीस खोडलं आणि एक्केचाळीस लिहिलं. "वारा बदललाय," म्हटलं.

त्या दिवशी कालवा आला, मामा म्हणाला, "आलं आपल्यातलं." भीमा आली. मी बाजूला बघितलं नाही. माग खटाखट चालू होते. "एकुणचाळीस, चाळीस, आता!" मी कांडी डावीकडे टाकली, मामाने पाय दाबला, स्क्रीन आडवी झाली, आणि पंखाखालून कडुनिंब सरकला, दुसरा सरकला, पत्रा चमकला, आणि टिकलीएवढा लाल ठिपका. एक सेकंद. गेला.

मी विमान सरळ केलं, वर घेतलं. मग मामा म्हणाला, "गाडी उनात हाय की."

"आं?"

"उनात उभी हाय. सोनीला फोन लाव."

फोन लावला. स्पीकरवर. "सोने, गाडीवर ताडपत्री टाक. उनात कशाला लावली?"

"कुठल्या उनात, अप्पा? गाडी शेडात हाय. तुमी गेल्यापासनं तितंच हाय."

"मी आत्ता बघून आलो की."

मग सोनी म्हणाली, "आत्याला फोन द्या जरा." तिला वाटलं, औषधांचं डोक्यात गेलं. आई फोन घेऊन बाहेर गेली आणि आम्ही दोघं एवढे हसलो, एवढे हसलो की मामाचा पाय दुखायला लागला.

इथपर्यंतच हा हंगाम असता तर बरं झालं असतं.

पट्टी वाढत होती. वीस, पस्तीस, पन्नास. स्प्रिंग बदलली, परत खाली, परत वर. संक्रांतीपर्यंत सगळ्यात कडक स्प्रिंगवर सत्तर आलं. आणि मग सत्तरच. आठवडा झाला, सत्तर. पंधरा दिवस, सत्तर. मामा दाबायचा, कपाळावरची शीर फुगायची, आणि पट्टी सत्तरला जाऊन थरथरायची. खिल्लारला सत्तर पुरत होतं. वस्तीवर रोज वळत होतो. पण क्लचला सत्तर पुरत नाही. अर्धवट दाबलेल्या क्लचवर दोन भरलेल्या ट्रॉल्या घेऊन चढाला गिअर बदलला की काय होतं ते मामानेच मला लहानपणी सांगितलेलं.

तो पट्टीकडे बघेनासा झाला. उडताना पण गप्प. आकडे सांगायचा, बाकी काही नाही. मला ती शांतता सहन होईना. मी दमले होते हो. त्याच्यापेक्षा लवकर दमले होते, हे आज लिहिताना कळतंय. मला वाटलं, चार सेकंदांचं जमलं ना, कार्डावर आकडा बदलला आणि वस्ती सापडली. मग एका सकाळी तो दवाखान्यात गेलेला असताना मी सेटिंग उघडलं, आणि पेडल सत्तरपर्यंत दाबलं की कॉम्प्युटरने त्यालाच शंभर म्हणायचं असं करून ठेवलं. दोन क्लिक.

दुपारी मामाने दाबलं. पट्टी सरसरत गेली आणि शंभरला भिडली. सगळी हिरवी.

त्याने पाय काढला. परत दाबला. शंभर. परत.

"सुमन!" एवढ्या मोठ्याने की माग ऐकू येईनात. आई शिवण टाकून धावत आली. पट्टी बघून तिने तोंडावर हात धरला आणि तशीच आत गेली, रवा भाजायला. शिरा. मामाने माझा फोन घेतला. "सोने, डिझेल भरून ठेव. एतवारी येतो. दोन खेपा तरी मारू, हंगाम हाय तवर. पाय बसला गं माझा."

मी दारात उभी. रव्याचा वास येत होता. मला वाटलं होतं, तो खूष होईल, चार दिवस बरं वाटेल, तेवढ्यात पाय खरंच सुधारेल. तो ट्रॅक्टर काढेल हे डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे बघा ना, अख्खा हंगाम मी क्लच क्लच ऐकत होते.

"मामा," मी म्हटलं, "ते खोटंय."

"काय?"

"पट्टी. मी बदलली. सत्तरच आहे अजून."

फोन चालू होता. सोनी पलीकडून "हॅलो, हॅलो" करत होती. मामाने तो हळूच बंद केला आणि उलटा ठेवला. मग त्याने जे विचारलं त्याची मी तयारीच केली नव्हती.

"मग वस्ती बी खोटीच व्हती?"

"नाही! नाही मामा, वस्ती खरी. आई शप्पथ. ते वेगळं." आणि मग मी सगळं सांगितलं, एका दमात, रडत, नाक पुसत. नदी, हात, स्टॉपवॉच मांडीवर, चार सेकंद, वीटभट्टी, एक्केचाळीस.

तो ऐकत होता. मध्येच स्वतःच्या हातांकडे बघितलं. "मी हात जोडतो व्हय तितं?"

"रोज."

"आन् तू त्ये धरलंस हिशोबात."

"हो."

"मग पायाचं बी तसंच धरायचं की गं," मामा म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, फक्त फार थकलेला. "चार सेकंद जात्यात म्हटल्यावर तू चार धरलंस. गेलंच न्हाईत आसं न्हाय म्हणलीस. हितं सत्तर हाय तर सत्तर धर. सत्तरात काय व्हतंय त्ये बगू. शंबर म्हणून मला पुलावर पाठवशील, मयू?"

आई शिऱ्याच्या दोन वाट्या घेऊन आली होती. तिला बाहेरूनच सगळं ऐकू गेलं असावं. तिने एक मामापुढे ठेवली, एक माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "खा. साखर पडलीय आता." आम्ही खाल्ला. असा शिरा मी परत कधी खाल्ला नाही आणि खायचाही नाही.

मी त्याच दुपारी पट्टी पूर्ववत केली. सत्तर.

दोन दिवस मामा पेडलला शिवला नाही. तिसऱ्या दिवशी चारला म्हणाला, "काढ खिल्लार." उडालो. मोहोळ गेल्यावर त्याने विचारलं, "ह्ये मागं बसणाऱ्याला काय म्हणत्यात म्हणलीस?"

"नेव्हिगेटर."

"आन् त्यो नसला तर?"

"तर पुढचा चुकतो."

"ड्रायव्हर किती बी चांगला असू दे?"

"चांगला असला तर जास्त लांब जाऊन चुकतो."

"हं," मामा म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "सोनी गाडी बरी चालवती." सोनी शेतात पंधराव्या वर्षापासून ट्रॅक्टर चालवते, पण मामाने तिला ट्रॉल्या जोडून रोडला कधी जाऊ दिलं नव्हतं. रोडला पोरीचं काम न्हाय, हे त्याचंच वाक्य. कालवा येत होता.

डॉक्टरांनी मार्चमध्ये सांगितलं की गुडघा एवढाच. मामाने मान हलवली, जसं काही कुणी वेळ सांगितली. कारखाने बंद व्हायला लागले होते. त्याला न्यायला सोनी आली, गाडी भाड्याने करून. निघताना त्याने पेडलमधली कडक स्प्रिंग मागून घेतली आणि खिशात घातली. कशाला ते विचारायचं मला सुचलं नाही.

आता त्याचा तिसरा हंगाम चाललाय मडगार्डवर. सोनी चालवते, मामा शेजारी बसतो, खाली उशी, हातात काठी. पहिल्या वर्षी रांगेत लोक म्हणायचे, "काय अप्पा, पोरगी ड्रायव्हर आन् तुमी किन्नर?" किन्नर म्हणजे क्लीनर. मामा म्हणायचा, "नेव्हिगेटर. इमानात असतो. तुला न्हाय कळायचं." सोनी मला रांगेतून व्हॉइस मेसेज पाठवते, मागे दहा ट्रॅक्टरांची दहा गाणी. परवा म्हणत होती, "अप्पांचं सगळं चांगलं हाय गं, चढ सांगत्यात, खड्डा सांगत्यात. पण पुलावर आलं की नेव्हिगेटर बंद पडतो बग. समोरनं डंपर येऊंदे नाहीतर काय बी, ह्यांचं हात जोडलेलं." बोलता बोलता ती जांभया देत होती. सोळा तास रांगेत. मामाच्या पायाला थंडीत कळ येते, रॉड गार पडतो. कुणाचं काही सोपं झालेलं नाही. ऊस तेवढाच आहे, रस्ता तेवढाच आहे.

काल घरी आले, हेल्मेट काढलं, तोंडसुद्धा न धुता कॉम्प्युटर लावला. सहा महिने हात लावला नव्हता. खणात ते कार्ड होतं, पंचेचाळीस खोडून एक्केचाळीस. म्हटलं, एकदा जाऊन येऊ.

तलाव. सीना. मोहोळ. माग चालू होते. आता मागे कुणी नाही, म्हणून कांडी उजव्या हातात, स्टॉपवॉच डाव्या, पाय माझे. कालवा. भीमा आली, काठावर घड्याळ दाबलं, अगदी नेमकं. एक्केचाळीसला डावीकडे वळवलं.

पंखाखाली नुसतं शेत. वस्ती नाही. वीटभट्टी पण नाही. अलीकडचंच कुठलंतरी, नाव नसलेलं, काळं रान.

क्षणभर कळेना. मग कळलं. चार सेकंद धरलेले होते, आणि ज्याचे होते तो मडगार्डवर बसलाय.

कार्डावर परत पंचेचाळीस करता आलं असतं. पेन समोरच होतं. नाही केलं. गोल फिरून मागे आले, भीमेच्या अलीकडे, परत तीच दिशा, तोच वेग. बोटं दुखत होती. नदी आली. स्टॉपवॉच मांडीवर ठेवलं. कांडी सोडता येत नाही, म्हणून एकच हात वर नेला, कपाळाला लावला. मग मांडीवर चाचपून घड्याळ उचललं आणि दाबलं.

एकोणचाळीस, चाळीस, आता.

कडुनिंब आला. दुसरा आला. पत्रा चमकला.

गाडी अजून उन्हातच आहे.